कपाटावरचं पाकीट

आमच्या घरात कपाटावर एक भलं मोठं पाकीट आहे. तुमच्याकडेही असेल. सासऱ्यांच्या पाठीचा एक्स-रे, धाकट्याचा हात मोडला होता तेव्हाचा फोटो, कुणाची तरी जुनी सोनोग्राफी, सगळं त्यात कोंबलेलं. दिवाळीच्या साफसफाईला ते खाली येतं, त्याच्यावरून फडकं फिरतं आणि पुन्हा वर जातं. आत काय लिहिलंय ते घरात कुणी वाचत नाही. डॉक्टरांनी वाचलंय ना, मग झालं तर!

पण २०२२ सालापासून मला त्या पाकिटाकडे बघवत नाही. का, ते आज सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. तेव्हा वय एकोणपन्नास. एके दिवशी भाकरी थापता थापता हळूच म्हणाल्या, "अगं, छातीत काहीतरी हाताला लागतंय. हरभऱ्याएवढं."

"दुखतंय का, अक्का?"

"छे! दुखत असतं तर केव्हाच सांगितलं असतं."

दुखत नाही म्हणजे काही नाही, हा आपला बायकांचा हिशेब. तरी मी मागे लागले. भाऊजींनी पंधरा दिवसांनी का होईना, जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. मॅमोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशी पाकीट आणायला भाऊजी एकटेच गेले. काउंटरवरच्या माणसाने वरवर बघून सांगितलं, "काही दिसत नाही, नॉर्मल आहे." घरी येताना ते पेढे घेऊनच आले. नॉर्मल रिपोर्ट आपल्या डॉक्टरांना काय दाखवायचा? पाकीट गेलं कपाटावर.

सात महिन्यांनी हरभऱ्याचा आवळा झाला होता. या वेळी सोनोग्राफी केली. दहा मिनिटांत गाठ दिसली. मग बायोप्सी, ऑपरेशन, केमो, सगळं रांगेने आलं. तोवर ते काखेपर्यंत पोचलं होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला. आम्ही पाकीट नेलंच होतं. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं की स्तनांची घडण दाट आहे, त्यामुळे लहान गाठ झाकली जाऊ शकते. हाताला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. डॉक्टर म्हणाले, "हे कुणी वाचलं नाही का?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मैत्रिणींनो, मी बी.ए. आहे, तेही इंग्रजी घेऊन. मुलांचा अभ्यास घेते, लाइट बिल वाचते, मोबाइलवर आलेला प्रत्येक निरोप वाचते. आणि ज्या घरात सात महिने ते पाकीट होतं, त्या घरात मी ते एकदाही उघडलं नाही.

अक्का आज बऱ्या आहेत. केस परत आलेत, भाकरी पूर्वीसारखीच पातळ होते. पण ते सात महिने कुणी परत आणून देणार नाही. म्हणूनच मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले आणि डॉक्टर मंडळींना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे समजलं ते तुमच्यापुढे मांडते.

आधी 'दाट' म्हणजे काय ते बघू. आपल्या स्तनांत चरबी असते, दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा खास एक्स-रे. त्यात चरबी काळपट दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. आणि गाठही पांढरीच दिसते. मसुरीच्या डाळीत पांढरा खडा असला की तो लगेच नजरेत भरतो. तोच खडा तांदळात असला तर? सूप कितीही पाखडा, डोळे कितीही ताणा, एखादा राहतोच आणि नेमका दाताखाली येतो. ज्या स्त्रीच्या स्तनांत चरबी कमी आणि ग्रंथी-तंतू जास्त, तिची मॅमोग्राफी वाचणं म्हणजे तांदळातला खडा शोधणं.

यात आजार असा काही नाही. कुणाचे केस दाट, कुणाचे विरळ, तसंच हे. अमेरिकेत चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या स्त्रियांची घडण अशी दाट असते. तरुणपणी ती जास्त दाट असते आणि वय वाढेल तशी बहुतेकींची विरळ होत जाते. हाताने चाचपून दाटपणा कळत नाही, तो मॅमोग्राफीतच दिसतो. त्याच्या ए, बी, सी आणि डी अशा चार पायऱ्या केलेल्या आहेत. सी आणि डी म्हणजे दाट. अशा स्त्रियांना कॅन्सर होण्याची शक्यताही इतरांपेक्षा थोडी जास्त असते. म्हणजे एकीकडे धोका थोडा जास्त आणि दुसरीकडे दिसायला अवघड! असं असताना ही गोष्ट त्या बाईला कळायला नको का?

मला आधी वाटायचं की हे आपल्याकडेच होतं. आपण खेडवळ, रिपोर्ट इंग्रजीत, विचारायची भीती. पण अमेरिकेत शिकल्यासवरलेल्या बाईच्या बाबतीतही हेच घडलेलं वाचलं आणि मी थक्क झाले.

नॅन्सी कॅपेलो त्यांचं नाव. कनेक्टिकट राज्यात राहायच्या, शिक्षण क्षेत्रात काम करायच्या. दरवर्षी न चुकता मॅमोग्राफी करून घ्यायच्या आणि दरवर्षी रिपोर्ट नॉर्मल यायचा. एका वर्षी असाच नॉर्मल रिपोर्ट आला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या हाताला गाठ लागली. पुन्हा मॅमोग्राफी केली, तिच्यात काही नाही. सोनोग्राफीत मात्र गाठ दिसली. कॅन्सर काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला होता. हे आधी का दिसलं नाही, असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की तुमची घडण दाट आहे. ही माहिती डॉक्टरांकडच्या रिपोर्टमध्ये होती. ज्या बाईचं ते शरीर, तिला मात्र कुणी सांगितली नव्हती.

बाई गप्प बसल्या नाहीत. उपचार झाल्यावर त्यांनी नवऱ्याच्या साथीने संस्था काढली, आमदार-अधिकाऱ्यांची दारं ठोठावली. २००९ मध्ये त्यांच्या राज्यात कायदा झाला की घडणीची माहिती खुद्द स्त्रीला दिलीच पाहिजे. अमेरिकेतला असा हा पहिला कायदा. मग एकेक करून इतर राज्यं पुढे आली. शेवटी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने देशभरासाठी नियम केला आणि सप्टेंबर २०२४ पासून तो लागू झाला. आता तिथे मॅमोग्राफी करणाऱ्या प्रत्येकीला, तिची घडण दाट आहे की नाही, हे साध्या भाषेत लेखी कळवावं लागतं. नॅन्सीबाईंना मात्र हा दिवस बघायला मिळाला नाही. २०१८ मध्येच त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, तांदळातला खडा दिसतच नसेल तर मॅमोग्राफी करायची कशाला? तर तसं नाही हं. पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे जीव मॅमोग्राफीने वाचतात, हे मोठमोठ्या अभ्यासांतून दिसून आलेलं आहे. आणि शास्त्रज्ञही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. गेल्या वीसेक वर्षांत या फोटो काढण्याच्या शास्त्राने जी मजल मारली आहे, ती बघून कौतुक वाटतं.

पूर्वी मॅमोग्राफी फिल्मवर निघायची. मग डिजिटल आली. ती खरंच चांगली का, हे तपासायला डॉ. एटा पिसानो या रेडिओलॉजिस्ट बाईंच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ४९ हजार ५०० स्त्रियांची दोन्ही प्रकारांनी तपासणी झाली. २००५ साली निकाल आला. सगळ्या वयांच्या स्त्रिया मिळून बघितलं तर दोन्ही सारख्याच. पण पन्नाशीच्या आतल्या आणि दाट घडणीच्या स्त्रियांमध्ये डिजिटल सरस ठरली. पुढे २०११ मध्ये अमेरिकेने थ्री-डी मॅमोग्राफीला मान्यता दिली. यात मशीन वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतं आणि कांद्याच्या पातळ चकत्या कराव्यात तसे स्तनाचे एकेक थर वेगळे दाखवतं. एकावर एक पडलेल्या थरांत लपलेली गाठ मग सुटी दिसते.

नेदरलँड्समध्ये तर याच्याही पुढे जाऊन बघितलं. मॅमोग्राफी नॉर्मल, पण घडण अतिशय दाट, अशा ४० हजारांवर स्त्रिया निवडल्या. त्यातल्या काहींना एमआरआयसाठी बोलावलं, बाकीच्यांची नेहमीसारखी मॅमोग्राफीच चालू ठेवली. 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवल्यावर पुढच्या तपासणीच्या आतच कॅन्सर उघडकीला येण्याचं प्रमाण मॅमोग्राफीवरच राहिलेल्यांत हजारी ५ होतं, एमआरआयला बोलावलेल्यांत ते हजारी अडीच झालं. म्हणजे निम्म्यावर आलं! हा निकाल २०१९ चा. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. एमआरआय केलेल्या दर हजारांत सुमारे ८० जणींच्या बाबतीत संशय आला आणि पुढच्या तपासण्यांत कॅन्सर नव्हताच असं निघालं. धास्तीही झाली आणि खर्चही. म्हणून उठून सरसकट सगळ्यांनी एमआरआय करायचा नसतो. कुणाला गरज आहे ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि आता आली आहे कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय. स्वीडनमध्ये एक लाखावर स्त्रियांवर याचा अभ्यास झाला. तिथे प्रत्येक मॅमोग्राफी एरवी दोन डॉक्टर वाचतात. या अभ्यासात निम्म्या स्त्रियांच्या फोटोंवर आधी कॉम्प्युटरने नजर टाकली. धोका कमी वाटला तर एकाच डॉक्टरने वाचायचं, जास्त वाटला तर दोघांनी. २०२५ मध्ये निकाल छापून आला. कॉम्प्युटरची मदत घेतली तिथे हजारी ६.४ कॅन्सर सापडले आणि नेहमीच्या पद्धतीने ५. डॉक्टरांचं वाचनाचं काम तर ४४ टक्क्यांनी कमी झालं. जिथे रेडिओलॉजिस्ट मोजकेच आहेत अशा आपल्यासारख्या गावांना उद्या याचा मोठा आधार होऊ शकेल. पण लक्षात घ्या, शेवटचा शब्द तिथेही डॉक्टरांचाच होता.

हे सगळं वाचताना मनात एकच विचार येत होता. मशीन कितीही हुशार होऊ दे, तिने शोधलेलं पाकिटातच राहिलं तर काय उपयोग? अक्काच्या वेळी मशीन चुकलं नव्हतं. रिपोर्ट लिहिणारे डॉक्टरही चुकले नव्हते, त्यांनी सोनोग्राफी करा असं स्पष्ट लिहिलं होतं. चूक झाली ती काउंटरपासून कपाटापर्यंतच्या रस्त्यात. तिथे काउंटरवरचा तो माणूस होता, भाऊजी होते आणि मी होते.

आणखी एक कडू गोष्ट बोलते, राग मानू नका. सोनोग्राफीचं मशीन आपल्या गावांत मॅमोग्राफीच्या कितीतरी आधी पोचलं. कशासाठी पोचलं, ते आपल्याला ठाऊक आहे. मुलगा की मुलगी, हे बघायला सुना तिथे नेल्या गेल्या. हा प्रकार इतका वाढला की महाराष्ट्राला १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, देशातला पहिला. मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्या मशीनखाली बाई झोपली ती घरच्यांना काय हवं ते बघायला. पोटातल्या बाळासाठी झोपली, वंशाच्या दिव्यासाठी झोपली. स्वतःच्या जिवासाठी त्याच मशीनखाली झोपायची वेळ आली की मात्र घरात पैसे नसतात, वेळ नसतो, नाहीतर लाज वाटते. "या वयात काय तसलं तपासायचं?" असं म्हणणारी बाई आपल्या प्रत्येकीच्या घरात आहे. कधी कधी ती आपण स्वतःच असतो.

'आमच्या गावात मॅमोग्राफीच नाही' असंही कुणी म्हणेल. खरं आहे. पण म्हणून काहीच करता येत नाही असं नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने १९९८ मध्ये झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर स्त्रियांचा एक अभ्यास सुरू केला. त्यात निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी झाली. तपासणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये मांडला. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडला होता आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मृत्यूंच्या बाबतीत तसा फायदा दिसला नाही, हेही सांगते. पण विचार करा, दहावी शिकलेल्या बाईच्या शिकवलेल्या हातांनी एवढं काम केलं! सरकारच्या कार्यक्रमातही तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची अशी हाताने तपासणी करायची सोय २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आशाताई घरी आल्या की पोलिओच्या आणि लसीच्या तारखांबरोबर हेही विचारा, "ताई, आमची तपासणी कधी?"

आता भीतीबद्दल थोडं. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात. दुखतं थोडं, पण काही सेकंदच. पाळी येऊन गेल्यावरच्या आठवड्यात गेलं तर कमी दुखतं. किरणांची भीती वाटते, तर निसर्गातून आपल्या अंगावर सात आठवड्यांत जेवढे किरण येतात, साधारण तेवढेच एका मॅमोग्राफीत येतात. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये तर ते किरण नसतातच. 'सुई लावली की पसरतं' हे मी अक्काच्या वेळी दहा जणींकडून ऐकलं. या भीतीपोटी बायोप्सी लांबवण्याचाच खरा धोका आहे. आणि बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही मनात पक्कं ठेवा. गाठ तपासायची ती हीच खात्री करून घ्यायला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. तपासणीला जाल तेव्हा रिपोर्ट आणायला स्वतः जा. इंग्रजी येत नसेल तर लेकीला न्या, सुनेला न्या, शेजारच्या कॉलेजातल्या पोरीला न्या. काउंटरवरच्या 'नॉर्मल'वर विसंबू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांसमोर बसा. मग विचारा, माझी घडण दाट आहे का? दाट असेल तर आणखी काही तपासायला हवं का? शेवटी सल्ला काय लिहिलाय? पुन्हा केव्हा यायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असला तरी हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल, कातडी खेचल्यासारखी दिसत असेल, तर घरी बसू नका. पुन्हा दाखवा.

सेंटर चालवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. रिपोर्ट इंग्रजीत लिहा, डॉक्टरांची ती भाषा आहे. पण त्याखाली चार ओळी मराठीत छापायला कितीसा खर्च येतो? 'तुमची घडण दाट आहे, डॉक्टरांना भेटा' एवढं जरी लिहिलं असतं, तरी भाऊजींनी पेढे आणायच्या आधी डॉक्टर गाठले असते. अमेरिकेत त्यासाठी कायदा करावा लागला. आपल्याकडे एखाद्या भल्या डॉक्टरने नुसतं मनावर घेतलं तरी आजपासून सुरू करता येईल.

गेल्या महिन्यात अक्का आणि मी एसटीने जिल्ह्याला गेलो, त्यांच्या नेहमीच्या तपासणीला. या खेपेला मीही माझी मॅमोग्राफी करून घेतली. अक्का बाहेर बाकावर बसून बजावत होत्या, "घाबरू नकोस गं, मी आहे इथे." रिपोर्ट हातात आल्यावर मी तिथेच उघडला. माझी घडण 'सी' निघाली. तशीच आत गेले आणि बाईंना विचारलं. त्यांनी फोटो स्क्रीनवर लावला, पांढरं काय, काळं काय ते दाखवलं, सोनोग्राफी का करायची ते सांगितलं. सगळं मराठीत. पाच मिनिटं लागली.

सोनोग्राफीत काही निघालं नाही. घरी आल्यावर मी ते पाकीट कपाटावर ठेवलं नाही. कपाटाच्या आत, सातबारा आणि सोन्याच्या पावत्या असतात त्या कप्प्यात ठेवलं. अक्काचं जुनं पाकीटही खाली काढून, झटकून, त्याच्या शेजारी ठेवलं.

तुमचं पाकीट कुठे आहे? आज दुपारी भांडी झाली की स्टुलावर चढा आणि खाली काढा.